एफ-क्यू-व्ही-जे म्हणजे फिटर: आमच्या ऑफिसात भरतीचं सॉफ्टवेअर आलं त्याची गोष्ट

पांढरकवड्याच्या बसस्टँडपासून पाच मिनिटांवर, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर आमचं प्लेसमेंट ऑफिस आहे. माणसं तीन. मी, माझा मावसभाऊ (मी त्याला दादा म्हणते) आणि आयटीआयमधून निवृत्त झालेले एक निदेशक, ज्यांना सगळा तालुका ‘सर’ म्हणतो. हंगामात इकडच्या जिनिंगला (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांना) फिटर, काटा ऑपरेटर, सुपरवायझर पुरवायचे आणि वर्षभर बुटीबोरी-हिंगणघाटच्या कारखान्यांना आयटीआय झालेली मुलं पाठवायची, हे आमचं काम. पैसे कंपनीकडून घेतो, मुलांकडून नाही. त्यामुळे गल्ला कायम बेताचाच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये एका जिनिंगमालकाला दोन दिवसांत डबल रोलर जिनचा फिटर हवा होता. आम्ही तिघांनी तिन्ही रजिस्टरं चाळली, एक्सेलची शीट पाहिली, व्हॉट्सॲप खालपासून वरपर्यंत सरकवलं. माणूस सापडला नाही. मालकाने आदिलाबादकडून कुणीतरी आणला. आठवड्याने एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन जिना चढून आल्या. त्यांचा मुलगा फिटर, दोन हंगाम जिनिंगमध्ये काम केलेला, राहायला त्याच जिनिंगपासून चार किलोमीटरवर. “मॅडम, माया पोराचा कागद तुमच्यापाशीच होता ना जी? मंग त्याले फोन काऊन नाई केला?”

कागद खरंच आमच्यापाशी होता. मार्चमध्ये व्हॉट्सॲपवर आलेली फाइल, माझ्याच फोनमध्ये.

जून २०२५: आधी विकतचं पाहिलं

उमेदवारांची माहिती, बायोडाटा, कोणाला कुठे पाठवलं, पुढे काय झालं हे सगळं एका जागी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला एटीएस म्हणतात, हे मला नागपूरच्या जुन्या नोकरीमुळे माहीत होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन विकतच्या कंपन्यांना फोन केले. दोघांचाही हिशोब दर माणशी दर महिना, आणि पैसे वर्षाचे एकदम. तीन माणसांचे मिळून जो आकडा आला तो आमच्या ऑफिसच्या वर्षाच्या भाड्यापेक्षा जास्त होता. एका कंपनीची मुलगी फार गोड बोलत होती. मी विचारलं, “पुढच्या वर्षी नाही घेतलं तर आमचा डेटा?” ती म्हणाली, “एक्स्पोर्ट मिळेल मॅडम.” बायोडाट्याच्या फाइलींसकट का, यावर तिने सिनियरला विचारून सांगते म्हटलं. त्या फोनची मी अजून वाट बघते आहे.

मग ओपन सोर्सकडे वळलो. यात सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत, पण ते चालवण्याचं काम आपल्या डोक्यावर येतं. माझा भाचा यवतमाळला इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, “आत्या, मी बसवून देईन, पण रोज फोन करायचा नाही.” अट मान्य केली. (पाळली नाही.)

सरांनी एक शहाणपणाचं काम केलं. कुठलंही सॉफ्टवेअर उघडायच्या आधी त्यांनी वहीच्या अर्ध्या पानावर पाच प्रश्न लिहून काढले. वणीच्या आसपासचा वेल्डर, राहायला बाहेर जायला तयार, किती सेकंदांत सापडतो? अमुक कंपनीला आपण आतापर्यंत कोण कोण पाठवलं? त्यातले किती टिकले? एकच मुलगा दोनदा नोंदला गेला तर कळतं का? आणि लाइट गेली तर? एरवी आम्ही रंगीबेरंगी स्क्रीन बघून भुललो असतो.

जुलै: चार सॉफ्टवेअर आणि एक उशिरा सुचलेला प्रश्न

ऑरेंजएचआरएमची मोफत आवृत्ती अर्ध्या दिवसात बाजूला ठेवली. त्यात भरतीचा भाग आहे, पण बाकी सगळा संसार रजा, हजेरी, कर्मचाऱ्यांच्या नोंदी असा. आमचे कर्मचारी तीन, आणि रजा कोण घेतो ते चहाच्या वेळी कळतंच.

ओडूची कम्युनिटी आवृत्ती दादाला फार आवडली. उमेदवाराचं कार्ड बोटाने उचलायचं आणि ‘मुलाखत’च्या रकान्यातून ‘निवड’च्या रकान्यात टाकायचं. दोन दिवस तो नुसता कार्डं सरकवत होता. त्यानंतर दहा दिवस फ्रॅपे एचआर पाहिलं. हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, त्यांच्याच ईआरपीनेक्स्ट या धंद्याचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या घरातलं, पूर्ण ओपन सोर्स. आधी जागा काढायची, मग अर्जदार, मग मुलाखतीच्या फेऱ्या, मग ऑफर लेटर. बांधणी नेटकी आहे आणि मला ते मनापासून आवडलं होतं.

अडचण आली ती सरांच्या दुसऱ्या प्रश्नापाशी. अमुक कंपनीला आपण कोण कोण पाठवलं? फ्रॅपेमध्ये ‘कंपनी’ म्हणजे आपली स्वतःची कंपनी. ओडूच्या भरतीतही तसंच. मी आमच्या सात ग्राहकांना सात ‘कंपन्या’ म्हणून, मग सात ‘विभाग’ म्हणून बसवून पाहिलं. दोन रविवार गेले. प्रत्येक वेळी कुठेतरी पायजमा आखूड पडायचाच. शेवटी सर म्हणाले, “बाई, हे कारखान्यावाल्याचं सॉफ्टवेअर आहे. आपण कारखाना नाही, आपण मधले आहोत.”

हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. स्वतःसाठी माणसं घेणाऱ्याचं सॉफ्टवेअर वेगळं आणि दुसऱ्यांसाठी माणसं शोधणाऱ्याचं वेगळं. इंटरनेटवरच्या ‘टॉप टेन’ याद्यांमध्ये दोन्ही एकाच पंगतीत बसवलेली असतात. तुमचं ऑफिस एजन्सीचं असेल तर एकच तपासा: ग्राहक कंपनी, त्या कंपनीतला आपला माणूस आणि त्याने दिलेली जागा, या तीन गोष्टींना सॉफ्टवेअरमध्ये स्वतंत्र घर आहे का. उलट तुमची स्वतःची जिनिंग किंवा दवाखाना असेल आणि तिथेच माणसं लागत असतील, तर माझं ऐकू नका, फ्रॅपे किंवा ओडू बघा.

ओपनकॅट्स आम्ही सगळ्यात शेवटी उघडलं, कारण ते दिसायला जुनं आहे. सरकारी वेबसाइटची आठवण येते. पण वरच्या पट्टीतच कंपन्या, संपर्क, जॉब ऑर्डर, उमेदवार असे वेगवेगळे कप्पे होते. जॉब ऑर्डर म्हणजे कंपनीने दिलेली मागणी. तिच्यात उमेदवार जोडले की प्रत्येकाची पायरी दिसते, फोन झाल्यापासून ‘प्लेस्ड’ होईपर्यंत. सरांनी पाच प्रश्न पुन्हा काढले. चारांना उत्तर मिळालं. लाइटचा प्रश्न अर्थातच आमचा आम्हाला.

ऑगस्ट: बसवणं

२ ऑगस्टला, शनिवारी भाचा आला. आधी त्याने माझ्याच लॅपटॉपवर विंडोजमध्ये झॅम्प (लॅपटॉपलाच छोटा सर्व्हर बनवणारं मोफत पॅकेज) टाकून प्रयत्न केला. ओपनकॅट्स पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेलं आहे. झॅम्पसोबत आलं पीएचपी ८ आणि आम्ही उतरवलेल्या आवृत्तीला लागत होतं ७. सूचनांच्या पानावर ते लिहिलेलं होतं. आम्ही ते पान दुपारी चार वाजता वाचलं.

तेव्हा ठरलं की ऑफिसात वेगळं मशीन हवं. पुढच्या आठवड्यात नागपूरच्या सीताबर्डीवरून एक सेकंडहँड डेस्कटॉप ८,५०० रुपयांना आणला, एसएसडी १,४०० रुपयांची, यूपीएस २,९०० रुपयांचा. त्यावर विंडोजच्या जागी उबुंटू ही मोफत प्रणाली आणि डॉकरमधून ओपनकॅट्स. डॉकरचा फायदा असा की ज्या आवृत्तीचं जे सामान लागतं ते सगळं एकाच डब्यात बांधून येतं, बाहेरच्या मशीनशी भांडण नाही. बायोडाट्याच्या आतला मजकूर शोधायचा असेल तर पीडीएफमधून अक्षरं काढणारी, जुनी वर्ड फाइल वाचणारी छोटी साधनं सर्व्हरवर असावी लागतात. ती आहेत की नाही हे पहिल्याच दिवशी एक पीडीएफ चढवून, तिच्यातला एखादा विचित्र शब्द शोधून पाहा.

मशीन इंटरनेटवर उघडं ठेवायचं नाही, फक्त ऑफिसच्या वायफायवर, असं भाच्याने बजावलं. पीएचपी ७ च्या शेवटच्या मालिकेची सुरक्षा दुरुस्ती २०२२ च्या नोव्हेंबरलाच थांबली आहे, आणि आत शेकडो पोरांचे फोन नंबर. दादा कुरकुरला, त्याला बुटीबोरीतून फोनवर बघायचं होतं. तो आता आम्हाला फोन करतो, आम्ही बघून सांगतो. गैरसोय आहे, पण तेवढी चालवून घेतली.

भाच्याचा मेहनताना म्हणून एसटीचं भाडं आणि एक सावजी जेवण. जेवण त्याने दोनदा वसूल केलं.

नाव आधी की आडनाव आधी

सॉफ्टवेअर बसवायला दोन दिवस लागले. जुना डेटा आत घालायला पाच आठवडे. कुणी मला विचारलं तर मी सांगेन की वेळेचा अंदाज उलटा धरा.

आमच्या एक्सेलमध्ये २,६४० ओळी होत्या. ओपनकॅट्सला नाव आणि आडनाव दोन वेगळ्या रकान्यांत लागतं. आमच्याकडे एकच रकाना, आणि त्यात दोन पद्धती. आयटीआयच्या यादीतून आलेली नावं आडनाव, नाव, वडिलांचं नाव अशी. मुलांनी स्वतः लिहिलेली नावं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी. मी सरसकट पहिला शब्द ‘नाव’ म्हणून कापला. मग अर्धी यादी अशी झाली की राऊत, मेश्राम, आत्राम ही आडनावं नावाच्या जागी आणि संदीप, गणेश ही वडिलांची नावं आडनावाच्या जागी. लक्षात कधी आलं? चाचणी म्हणून एका कारखान्याला नऊ मुलांची यादी काढून पाठवली तेव्हा. गेटवर आधारशी नाव जुळेना. नऊ पोरं तासभर उन्हात उभी, आणि दादाचा फोन: “हे काय करून ठेवलं तुम्ही?”

सगळं पुसून पुन्हा. दुसऱ्या खेपेला सर आणि मी समोरासमोर बसून एकेक ओळ वाचली, रोज संध्याकाळी दोनशे. कुठलं आडनाव आणि कुठलं वडिलांचं नाव हे सरांना बघताक्षणी कळतं, कारण निम्म्या पोरांना त्यांनी शिकवलेलं. हे काम कुठल्याही सॉफ्टवेअरला जमलं नसतं.

फोन नंबरांचा घोळ वेगळा. ज्यांच्यापुढे ९१ लावलेलं होतं ते बारा आकडी नंबर एक्सेलने ‘९.१९ई+११’ असे करून टाकले, आणि सीएसव्ही (सॉफ्टवेअरमध्ये चढवायची साधी स्वल्पविरामांची फाइल) काढताना शेवटचे आकडे कायमचे गेले. तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करायचा, मगच नंबर चिकटवायचे. सीएसव्ही काढताना ‘यूटीएफ-८’ लिहिलेला पर्यायच निवडायचा, नाहीतर मराठी गावांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. माझ्याकडे एक अख्खी संध्याकाळ ‘????’ नावाच्या गावची ३१२ पोरं होती.

फिटर सापडत का नव्हते

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होता, ऑफिसात मी एकटीच. बायोडाटे चढवून झाले होते, म्हणून सहज ‘फिटर’ शोधलं. आले अठरा. इंग्रजीत शोधलं, आले एकशे चाळीस. मला खात्री होती की चारशेच्या वर असायला हवेत.

एक न सापडणारा बायोडाटा उघडला. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसत होतं: फिटर, शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था, सगळं. तो शब्द कॉपी करून शोधाच्या चौकटीत चिकटवला, तर तिथे चार इंग्रजी अक्षरं उमटली: एफ, क्यू, व्ही, जे. तेव्हा ट्यूब पेटली. आमच्या भागात बायोडाटा टाइप करून देतो झेरॉक्सवाला, आणि त्याच्याकडे असतो कृती देव फाँट. कृती देवमध्ये मराठी दिसतं तेवढंच. फाइलीच्या आत असतात इंग्रजी कीबोर्डची अक्षरं. एफ म्हणजे पहिली वेलांटी, मोठा क्यू म्हणजे फ, मोठा व्ही म्हणजे ट, जे म्हणजे र. कॉम्प्युटर बिचारा खोटं बोलत नव्हता, त्याला तिथे ‘फिटर’ दिसतच नव्हता.

मी तीच चार अक्षरं शोधाच्या चौकटीत टाकली. दोनशे सदतीस.

मी एकटीच मोठ्याने हसले. खालून झेरॉक्सवाल्याने विचारलं, “काय झालं जी ताई?” काय सांगणार, सगळं त्याचंच तर कर्तृत्व होतं.

आता माझ्या टेबलाच्या काचेखाली एक कागद आहे. त्यावर फिटर, वेल्डर, वायरमन, टर्नर यांचे कृती देवमधले अवतार लिहून ठेवलेत. कायमचा उपाय म्हणजे फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरलाही मराठीच दिसेल अशा अक्षरांत, बदलून घेणं. नव्या येणाऱ्या फाइलींसाठी आम्ही ते करतो, जुन्यांना हा कागद पुरतो. झेरॉक्सवाल्यालाही युनिकोड टायपिंग शिकवलं. आठवडाभर चिडला, मग शिकला.

फोटो काढून पाठवलेल्या बायोडाट्यात तर अक्षरंच नसतात, नुसतं चित्र असतं. त्यासाठी टेसरॅक्ट नावाचं मोफत साधन आहे. त्याला मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांचा डेटा जोडता येतो. छापील कागद सरळ धरून काढलेला असेल तर चांगलं वाचतं. हाताने लिहिलेला असेल तर सोडून द्या, स्वतः टाइप करा.

एसएमएसची परवानगी आणि संमतीचा कागद

आमची मुलं ईमेल वाचत नाहीत. म्हणून मुलाखतीची तारीख एसएमएसने कळवायची ठरवली. व्यवसायाच्या नावाने एसएमएस पाठवायचा तर टेलिकॉमच्या नियमाप्रमाणे आधी डीएलटी नोंदणी लागते, म्हणजे कोण काय पाठवणार याची टेलिकॉम कंपनीच्या पोर्टलवर नोंद. ११ ऑगस्टला अर्ज केला, फी ५,९०० रुपये. पॅन, उद्यम प्रमाणपत्र (छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं), लेटरहेडवर अधिकारपत्र, शिक्का. आठ दिवसांनी अर्ज परत. कारण उद्यमवर आमच्या नावात ‘सर्व्हिस’ आणि दुकान नोंदणीच्या कागदावर ‘सर्व्हिसेस’. एका ‘एस’साठी उद्यममध्ये दुरुस्ती केली (ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका), पुन्हा अर्ज. २ सप्टेंबरला मंजुरी. मग सहा अक्षरांचं हेडर (एसएमएसवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव), त्याला चार दिवस. मग मजकुराचा नमुना, तो दोनदा नामंजूर, कारण मी प्रकार चुकीचा निवडला होता. नोंदलेल्या उमेदवाराला मुलाखत कळवणं हे ‘सर्व्हिस इम्प्लिसिट’ या प्रकारात बसलं.

आणखी एक: इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०. त्यापुढे गेलात की दोन एसएमएसचे पैसे. वेलांट्या-मात्राही मोजल्या जातात. ‘आपणांस कळविण्यात येते की’ एवढ्यातच एक तृतीयांश संपतो. आमचा नमुना आता तार केल्यासारखा आहे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्यात माहिती घेण्याआधीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेतही (म्हणजे मराठीतही) मिळण्याची सोय सांगितलीय, म्हणून आम्ही एक पानाचा मराठी संमतीपत्राचा कागद केला. माहिती कशासाठी घेतो, कोणाला देऊ, काढून टाकायची असेल तर काय करायचं. आधारची झेरॉक्स ठेवणं बंद केलं. आधीच्या ज्या कॉप्या होत्या त्या सरांनी स्वतः बसून फाडल्या. दीड पोतं भरलं.

सप्टेंबर-ऑक्टोबर: वापर

सॉफ्टवेअरमधल्या पायऱ्यांची नावं इंग्रजीत आहेत. ती आम्ही डेटाबेसच्या तक्त्यात जाऊन बदलली: फोन लागला नाही, बोलणं झालं, कागद आले, कंपनीकडे पाठवला, मुलाखत, लागला. हे करण्याआधी बॅकअप घ्या. ‘लागला’ हा शब्द सरांचा. ‘प्लेस्ड’ त्यांना पटेना.

बॅकअपचंही एक ऐका. रोज रात्री डेटाबेसची प्रत १ टीबीच्या हार्ड डिस्कवर (३,८०० रुपये) जाते. सप्टेंबरच्या शेवटी भाच्याने सहज लॅपटॉपवर ती प्रत उघडून पाहिली. नावं सगळी होती, बायोडाट्याची एकही फाइल उघडेना. फाइली ‘अटॅचमेंट्स’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि आम्ही ते कधी घेतच नव्हतो. महिनाभर आम्ही निवांत झोपत होतो ते उगाच.

एकूण खर्च २२,५०० रुपये, एसएमएस वेगळे. त्रास मात्र अजून आहे. दादा अधूनमधून वहीतच लिहितो आणि मग मला ओळी भराव्या लागतात. स्क्रीन इंग्रजीत असल्यामुळे मदतीला ठेवलेली मुलगी दोन आठवडे घाबरून होती. शोधात आयटीआय हा शब्द तीन प्रकारे लिहून पाहावा लागतो: मराठीत, इंग्रजीत आणि टिंबं देऊन.

दिवाळीनंतर जिनिंगचे भोंगे सुरू झाले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच मालकाचा फोन: डबल रोलरचा फिटर, उद्या. मी एफ-क्यू-व्ही-जे टाकलं, गावांवरून गाळलं, चार नावं उरली. पहिलंच नाव त्या बाईंच्या मुलाचं. फोन लावला. आईनेच उचलला.

“तो तर पुण्याले गेला जी, दिवाळीच्या आधीच.”

मी काही बोलणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, “थांबा, ठेवू नका. लहाना आहे ना घरी. त्यानंही फिटरच केलं. त्याचं नाव लिहून घ्या.”

मी नवा उमेदवार उघडला. विचारलं, “आधी नाव सांगा, आडनाव मग.”